ब्युना व्हिस्टाच्या रानात बर्फातला शनिवार-रविवार

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरमध्ये मार्च उजाडला की लोक वसंताच्या गप्पा मारू लागतात, आणि सरासरी पाहिली तर शहरात सर्वाधिक बर्फही याच महिन्यात पडतो. गाडी घेऊन डोंगरात मुक्कामाला जाणाऱ्यांना हा महिना अवघड जातो, पण तो थंडीमुळे नव्हे, तर थंडी टिकत नाही म्हणून. पहाटे खडखडीत गोठलेला कच्चा रस्ता दुपारी एकच्या सुमारास घोटाभर चिखल होतो आणि सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा गोठू लागतो. त्यामुळे अशा सहलीत आपली गाडी किती दणकट आहे यापेक्षा आपण कोणत्या वेळी कोणत्या वळणावर आहोत, याला अधिक महत्त्व असते.

आम्ही या वेळी ब्युना व्हिस्टा गावाच्या पूर्वेचा फोरमाइल नावाचा भाग निवडला. डेन्व्हरहून २८५ क्रमांकाच्या महामार्गाने १०,००० फुटांवरची केनोशा खिंड ओलांडायची, साउथ पार्कचे वारा झोडपणारे पठार पार करायचे आणि ट्राउट क्रीक खिंडीतून आर्कान्सा नदीच्या खोऱ्यात उतरायचे, असा हा मार्ग आहे. खोऱ्याच्या पश्चिमेला हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ही १४,००० फुटांवरची शिखरे ओळीने उभी आहेत. १८६९ मध्ये जोसाया व्हिटनी हे भूवैज्ञानिक विद्यार्थ्यांना घेऊन इथे सर्वेक्षणाला आले आणि त्यांनी पहिल्या दोन शिखरांना आपापल्या विद्यापीठांची नावे देऊन टाकली. पश्चिमेकडून येणारी वादळे आपला बराचसा बर्फ या शिखरांवरच टाकतात, त्यामुळे नदीच्या अलीकडच्या, आठ-नऊ हजार फुटांच्या टेकड्यांवर तो बेताचा पडतो आणि हिवाळ्यातही तिथे गाडी नेता येते.

शिखरांच्या बाजूला, सेंट एल्मो या जुन्या खाणगावाच्या पुढे टिनकप खिंडीकडे जाणारा खाणकामाच्या काळातला रस्ता उन्हाळ्यात फार सुंदर असतो, आणि आमच्या सोबतच्या जोडप्याला तिकडेच जायचे होते. मी त्याला ठाम नकार दिला. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर साठलेला बर्फ खाली येण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि तो रस्ता अशाच उतारांच्या पायथ्याशी चालतो. त्याच डोंगररांगेच्या पलीकडे, रेल्वेच्या आल्पाइन बोगद्याखाली वुडस्टॉक नावाची छोटी वस्ती होती. मार्च १८८४ मध्ये तिच्यावर हिमस्खलन कोसळले आणि तेरा माणसे दगावली. कोलोरॅडो ॲव्हलँच इन्फर्मेशन सेंटर या हिमस्खलनाचा धोका सांगणाऱ्या संस्थेचे रोजचे अंदाज वाचून मगच डोंगरात पाऊल टाकावे, या मताचा मी आहे, आणि ज्यांना हे भित्रेपणाचे वाटते त्यांच्याबरोबर मी जात नाही.

डांबरी रस्ता संपला की पहिले काम म्हणजे चाकांतली हवा कमी करणे. नेहमीचा पस्तीस पीएसआयच्या आसपासचा दाब आम्ही अठरापर्यंत उतरवतो, म्हणजे टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, गाडी भुसभुशीत बर्फात कमी रुतते आणि दगडांवरून जाताना हाडे खिळखिळी होत नाहीत. वन खात्याचा वाहनमार्गांचा नकाशा फुकट मिळतो. कोणता रस्ता गाड्यांना खुला आहे आणि कोणत्या तारखांना, हे त्यावर दिलेले असते. बर्फाने रस्त्याच्या कडा झाकून टाकल्या की हा नकाशाच खरा वाटाड्या ठरतो, कारण रस्ता सोडून झुडपांतून गाडी घालणे बेकायदा तर आहेच, शिवाय त्या चाकोऱ्यांचे व्रण कोरड्या मातीत वर्षानुवर्षे राहतात.

फोरमाइलची माती म्हणजे ग्रॅनाइटचा भुगा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन लागून ती उघडी पडलेली होती, आणि पिन्यॉन व जुनिपरच्या झाडांखाली कोरडी जागाही दिसत होती. मात्र तोच रस्ता वळसा घेऊन टेकडीच्या उत्तर अंगाला गेला की मांडीभर बर्फ लागत होता, वर पातळ कडक पापुद्रा आणि खाली साखरेसारखे सुटे कण. अशाच एका सावलीतल्या वळणावर मागची गाडी हळूच कडेला घसरली आणि पोटावर टेकली; चारही चाके फिरत होती, पण एकाही चाकावर भार नव्हता. गाडी चालवणारा मूळचा नागपूरचा, उत्साही मुलगा. त्याने खिडकीतून विचारले, “दादा, जरा रेस देऊन बघू का?” मी म्हटले, “अजिबात नको. इंजिन बंद कर आणि फावडे घे.”

बर्फात अडकलेल्या गाडीला जोर देण्याने बहुधा उलटेच होते, कारण फिरणारे चाक खालचा बर्फ वितळवते, तो लगेच गोठतो आणि चाकाखाली गुळगुळीत खड्डा तयार होतो. आधी पोटाखालचा बर्फ काढावा लागतो, आणि तो पालथे पडून, हात आत घालूनच काढावा लागतो. त्यात गाडीची खालची पट्टी, दोन्ही आस आणि मागचा धूर सोडणारा नळ मोकळे करायचे असतात. मग चाकांपुढे खाचांच्या प्लास्टिक पट्ट्या घट्ट दाबून बसवल्या आणि मी माझ्या गाडीला ताणला जाणारा दोर जोडला. हा दोर चासीच्या मजबूत कड्यालाच अडकवायचा असतो. ट्रेलर ओढण्याच्या गोळ्याला तो कधीही लावू नये, कारण ताणाखाली गोळा तुटला तर तो बंदुकीच्या गोळीच्या वेगाने सुटतो आणि अशा अपघातांत माणसे मेलेली आहेत. बायकामंडळींना दोराच्या टप्प्याबाहेर, झाडांमागे उभे केले, लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, सावकाश ओढ दिली आणि गाडी फारसा आवाज न करता बाहेर आली. या सगळ्यात तासभर गेला, आणि हिवाळ्याच्या दिवसातला तासभर म्हणजे मुक्कामाच्या जागेवरचा उजेड.

तंबूची जागा आधी बुटांनी तुडवून सपाट करायची आणि मग अर्धा तास तिला हात लावायचा नाही. तेवढ्यात दाबलेले कण एकमेकांना धरतात आणि जमीन टणक होते. घाई केली तर रात्री झोपताना प्रत्येक गुडघ्याचा नि कोपराचा खळगा पडतो. साध्या खुंट्या बर्फात धरत नाहीत, म्हणून आम्ही कापडी पिशव्यांत बर्फ भरून त्या आडव्या पुरतो आणि दोर त्यांना बांधतो. गाडीच्या टपावरचे घडीचे तंबू हल्ली फार दिसतात, पण मला ते थंडीत पटत नाहीत, कारण वारा त्यांच्या खालूनही वाहतो. जमिनीवर बंद फोमची चटई, तिच्यावर हवेची गादी आणि पांघरुणात गरम पाण्याची बाटली, एवढ्याने उणे बारा अंशांत व्यवस्थित झोप लागते. तंबूची झडप मात्र थोडी उघडी ठेवावी लागते, नाहीतर श्वासातली वाफ आतल्या कापडावर गोठते आणि पहाटे कोणी कूस बदलली की ते दवाचे खडे तोंडावर पडतात.

स्वयंपाकात थंडीची आणि उंचीची दुहेरी परीक्षा असते. नऊ हजार फुटांवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ कितीही वेळ ठेवली तरी ती बोटाखाली कचकचते. इथल्या मित्रांना आमच्या सामानात प्रेशर कुकर पाहून हसू येते, पण मूगडाळीची खिचडी त्यातच होते, आणि कमी गॅसवर होते. गॅसचाही विचार करावा लागतो: ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायू व्हायचे थांबते आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालते, म्हणून थंडीत आम्ही प्रोपेनचाच चुला नेतो. तूप बरणीत इतके घट्ट झाले होते की माझ्या पत्नीने ते चमच्याऐवजी सुरीने कापून खिचडीवर ठेवले. शेजारी मेतकूट आणि लसणाची चटणी होती. पाण्याचे कॅन रात्री उलटे ठेवायचे, कारण बर्फ वरून धरतो आणि मग सकाळी नळाचे तोंड मोकळे राहते. बर्फ वितळवून पाणी करायचे असेल तर पातेल्यात आधी घोटभर पाणी घालायचे, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळकट वास येतो.

रविवारी आम्ही उजाडण्याआधी उठलो, चहा उभ्याउभ्या घेतला आणि सातच्या आत गाड्या हलवल्या. काल जिथे फावडे चालवले ते वळण आता इतके गोठले होते की आम्ही पट्ट्या न काढताच वर चढलो, आणि दक्षिणेच्या उतारावरची ओली माती अजून कडक असल्याने मागे चाकोऱ्याही उमटल्या नाहीत. डांबरी रस्त्यावर पोहोचल्यावर हवा भरायला कॉम्प्रेसर लावला, तेव्हा समोरून चार गाड्या रानाकडे निघालेल्या दिसल्या. सकाळचे साडेनऊ वाजत होते आणि ऊन चांगलेच तापायला लागले होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी काच खाली करून रस्ता कसा आहे असे विचारले. आत्ता चांगला आहे, पण परतताना संध्याकाळी गोठेपर्यंत थांबा, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या मागच्या गाडीच्या टपावर तंबू होता आणि फावडे मात्र कुठे दिसले नाही, तेव्हा आमचे जास्तीचे फावडे मी त्यांना देऊन टाकले.