पेपरमधली कोडची चूक कळवायला गेलो आणि एका रकान्यापाशी अडलो : माझा अनुभव

छापून आलेल्या पेपरमधली, म्हणजे शोधनिबंधातली, कोडची चूक स्वतःहून कळवायची, तर अवघड काम ती शोधण्याचं नाहीतर दुरुस्त करण्याचं असेल असं कुणालाही वाटेल. आमची ही दोन्ही कामं चटकन उरकली. अडलं ते जर्नलच्या ऑनलाइन फॉर्ममधल्या ‘दुरुस्तीचे कारण’ या एका रकान्यापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी चूक काय होती ते सांगते, कारण ती कुणाच्याही कोडमध्ये असू शकते. आमच्या गटात एक जुनी पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला छोटा प्रोग्रॅम, होती. लिहिणारा सहकारी केव्हाच दुसरीकडे गेला होता. फोल्डरमधल्या नमुन्यांच्या फाइली ती एकेक करून वाचायची आणि तक्त्यातल्या नोंदींशी निव्वळ क्रमाने जोडायची : पहिली फाइल पहिल्या ओळीला, दुसरी दुसरीला. पण फाइलींची यादी देणारं पायथनचं ‘ग्लॉब’ त्या कुठल्या क्रमाने देईल याची हमी नसते, ते त्या त्या मशीनवर ठरतं. नव्या विद्यार्थिनीने तीच स्क्रिप्ट लिनक्सवर चालवली आणि आकडे पेपरशी जुळेनात. तिने दोन्ही मशीनवरच्या याद्या छापून शेजारी ठेवल्या. लिनक्सवर क्रम पार विस्कटलेला होता, आणि पेपरसाठी वापरलेल्या विंडोजवर नमुना १ नंतर १०, ११, १२ आणि मग २. तक्त्यात मात्र सरळ १, २, ३. जुन्या प्रयोगांत नमुने कधी ९ च्या वर गेलेच नव्हते, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

(नुसतं सॉर्ट लावून हे सुटत नाही. अक्षरक्रमातही १० हे २ च्या आधीच येतं. फाइलच्या नावातला नमुना क्रमांक वाचून त्यावरूनच जोडणी करा.)

सहलेखक तयार झाले. मुख्य निष्कर्ष टिकला, पण त्याचा जोर कमी झाला, आणि दुसरा एक निष्कर्ष पूर्ण गेला. हे सगळं लिहून आम्ही फॉर्म उघडला.

कारणांच्या यादीत तीनच पर्याय होते : मुद्रणदोष, लेखकांच्या नावात वा पत्त्यात बदल, आणि संशोधनाच्या सचोटीविषयी प्रश्न. कोडमधली चूक यात कुठे बसवायची? मुद्रणदोष म्हणणं खोटं झालं असतं. ‘इतर’ नव्हतंच, आणि रकाना रिकामा ठेवून फॉर्म पुढे सरकत नव्हता. शेवटी तिसरा पर्याय निवडला. त्यासरशी आमचं प्रकरण वेगळ्याच टेबलावर गेलं. संस्थेला पत्र गेलं, चौकशी लागली, आणि प्रत्येक लेखकाला प्रश्नावली आली : चूक तुम्हाला केव्हा समजली, जबाबदार व्यक्ती कोण, तिचं नाव लिहा. ज्या मुलीने चूक पकडली तिलाही तीच प्रश्नावली. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “मॅडम, मी बोलले नसते तर बरं झालं असतं का?”

तिला ‘नाही’ म्हणताना मला जर्नलच्या त्या कार्यालयाची जेवढी चीड आली, तेवढी कधीच कुणाची आली नव्हती. दुसऱ्याच्या कोडमधली चूक पहिल्याच वर्षी पकडून ती न घाबरता सांगणारी मुलगी प्रत्येक गटाला हवी असते. आणि फॉर्मचा एक रकाना तिला गप्प बसायला शिकवत होता.

मग बरेच दिवस ‘प्रकरण विचाराधीन आहे’. स्मरणपत्रांना यंत्राचं उत्तर. तुमच्यावर अशी वेळ आली तर फॉर्म भरूच नका. थेट मुख्य संपादकांना मेल करा, विषयातच ‘कोडमधील प्रामाणिक चूक, लेखकांकडून’ असं लिहा. आम्हाला हे उशिरा सुचलं, आणि गाडी त्यानेच हलली.

त्या मेलमध्ये आम्ही दाखले दिले. २००६ मध्ये प्रथिनांच्या रचनेवरचे पाच पेपर मागे घ्यावे लागले, कारण घरगुती प्रोग्रॅममध्ये विदेचे (डेटाचे) दोन स्तंभ उलटसुलट झाले होते. ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमधल्या एका चाचणीत रुग्णांच्या दोन गटांचे सांकेतिक आकडे उलटे लागले होते. लेखकांनी ते कळवलं, आणि २०१९ मध्ये जुना पेपर मागे घेऊन दुरुस्त पेपर छापला गेला. २०१९ मध्येच रसायनशास्त्रातल्या, अनेकांनी वापरलेल्या पायथन स्क्रिप्टमध्ये हाच फाइलींच्या क्रमाचा घोळ सापडला, अगदी आमच्यासारखा. जोडीला ‘कोप’ची, म्हणजे प्रकाशन नीतिमत्तेच्या समितीची, मार्गदर्शक तत्त्वं जोडली. पेपर मागे घेण्याचा हेतू प्रकाशित संशोधन दुरुस्त करणं हा आहे, लेखकांना शिक्षा करणं नव्हे, असं त्यांत स्पष्ट म्हटलंय. हे दाखले आधीच हाताशी ठेवा. संपादक वाईट नसतात, पण ‘असं पूर्वी झालंय आणि असं हाताळलं गेलंय’ हे दिसल्यावर त्यांनाही निर्णय घेणं सोपं जातं.

एक राहिलं. सहलेखकांना मेल करण्याआधी फोन करा, आणि फोनच्या आधी जुना कोड जसाच्या तसा गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) टॅग, म्हणजे खूण, करून ठेवा. जुने आणि नवे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडा. आमच्या ज्येष्ठ सहलेखकांची धाकधूक तो तक्ता पाहूनच संपली.

शुद्धिपत्राच्या शब्दांवरूनही ओढाताण झाली. कार्यालयाला ‘विश्लेषणातील त्रुटीमुळे काही आकडे बदलले आहेत’ एवढंच हवं होतं. आम्ही हटून बसलो. फाइलींचा क्रम, ग्लॉब, ९ च्या पुढचे नमुने, सगळं आलंच पाहिजे. ‘विश्लेषणातील त्रुटी’ वाचून कुणी आपला कोड तपासणार नाही. क्रमाची गोष्ट वाचली की निदान दोघे-चौघे तरी तपासतील. शुद्धिपत्र आल्यावर एका अनोळखी गटाचा मेल आला : त्यांच्याही स्क्रिप्टमध्ये तेच होतं, पेपर पाठवायच्या आधी सापडलं. तो मेल मी त्या विद्यार्थिनीला लगेच पुढे पाठवला.

चूक शोधणाऱ्याच्या आभाराची ओळ शुद्धिपत्राच्या पहिल्याच मसुद्यात घाला. प्रूफ आल्यावर ‘आता मजकूर वाढवता येत नाही’ असं उत्तर येतं, आणि तिचं नाव घालून घेण्यासाठी आम्हाला पुन्हा मुख्य संपादकांपर्यंत जावं लागलं.