लाल रेषेची पातळी मिळवताना: माझा अनुभव

पूररेषेच्या आत घर असलेल्या माणसाला बांधकाम परवान्यासाठी किती कागद लागतात, याची यादी कोणीही देईल. त्या यादीतील एक आकडा, म्हणजे आपल्या जागेपाशी लाल पूररेषेची पातळी, मात्र कोणत्याच टेबलावर मिळत नाही आणि तो मिळेपर्यंत बाकीच्या सगळ्या कागदांना काही अर्थ राहत नाही, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. परवाना मिळून आता बरेच दिवस झाले असले तरी त्या आकड्याची आठवण निघाली की माझा आवाज अजूनही चढतो, असे घरचे म्हणतात. सांगलीत आणि आसपासच्या नदीकाठच्या गावांत आमच्यासारखी कितीतरी घरे आहेत, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे. ज्या कार्यालयात माझी फाइल अडली त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण तेथील माणसे बदलली तरी अडचण तीच राहील, असे माझे मत झाले आहे.

आमचे घर सांगलीच्या गावभागातले, मातीच्या भिंतींचे. २००५ च्या पुरात ते टिकले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आठवड्याहून अधिक काळ भिंती पाण्यात राहिल्या, तेव्हा त्यांनी दम सोडला. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर चढले आणि मागची भिंत बसली. मिळकत पत्रिका, मोजणी, वारसांची संमतीपत्रे, आर्किटेक्टचे नकाशे ही कामे रीतसर झाली. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

आता नियम काय आहे तो सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधले क्षेत्र निषिद्ध. तेथे बाग, मैदान, शेती असे मोकळे वापर अपेक्षित आहेत. निळ्या आणि लाल रेषेमधले क्षेत्र नियंत्रित. तेथे घर बांधता येते, परंतु राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे साधारण दीड फूट, उंच ठेवावे लागते. आमची जागा या दोन रेषांच्या मध्ये येते. नियम मला पूर्ण मान्य होता आणि आजही आहे. दोन पुरांचा गाळ हाताने उपसल्यानंतर उंच जोत्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस विरळाच.

जेथे माझी फाइल अडली त्या कार्यालयाकडून मिळालेल्या पहिल्या पत्रात लिहिले होते की, ‘लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच जोते ठेवण्याच्या अटीवर’ हरकत नाही. लाल पूररेषेची पातळी आमच्या जागेपाशी किती मीटर आहे, याचा त्या पत्रात उल्लेखच नव्हता. परवाना विभागाने साहजिकच त्रुटी काढली: पातळी नमूद नाही, सबब प्रस्ताव परत. मी पत्र घेऊन पुन्हा त्या कार्यालयात गेलो. तेथे उत्तर मिळाले की रेषा नकाशावर आहे, ती पाहून घ्यावी. नकाशा पाहिला. त्यावरची लाल रेघ इतकी जाड होती की तिच्या रुंदीत आमचे घर, समोरचे घर आणि मधला बोळ असे सगळे मावले असते. नकाशावरची रेघ जागा कोणत्या बाजूला आहे एवढेच सांगते, पाणी किती उंचीवर येईल हे सांगत नाही, हे मी नम्रपणे म्हटले, तेव्हा तेथील लिपिक मला म्हणाले, “काका, पाणी तुमच्या भिंतीवर कुठवर आलं होतं ते तुम्हाला माहीत आहे की. मग पातळी कशाला पाहिजे?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही आणि म्हणूनच त्याचे उत्तर प्रत्येकाने समजून घ्यावे. भिंतीवरची खूण त्या एका पुराची असते. लाल रेषा ही शंभर वर्षांच्या हिशेबाने काढलेली पातळी असते आणि दोन्ही एकच असतील असे मुळीच नाही. शिवाय आपण सांगलीकर पाणी फुटांत मोजतो: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीस फुटांना धोका. हे फूट आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे आहेत आणि त्यांचे शून्य त्या पट्टीचे आहे. पूररेषेची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. त्यातच नदीच्या पाण्याला उतार असतो. वरच्या अंगाला पातळी जास्त, हरिपूरच्या बाजूला वारणेच्या संगमाकडे जावे तशी ती कमी. त्यामुळे पुलापाशी पाणी किती फूट होते यावरून आपल्या दारातली मीटरमधली पातळी ठरवता येत नाही. गंमत अशी की, कृष्णेवरच खालच्या अंगाला असलेल्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आणि ती ५२४.२५६ पर्यंत न्यायचा कर्नाटकाचा विचार, हे आकडे आमच्याकडे चहाच्या गाड्यावर दशांश चिन्हासकट पाठ असतात. आपल्या स्वतःच्या उंबऱ्याची पातळी मात्र कोणालाच ठाऊक नसते. मलाही ती तोवर कधी विचारावीशी वाटली नव्हती.

यानंतर सांगण्यात आले की आधी तुमच्या जागेची पातळी काढून आणा, मग आम्ही लाल रेषेची पातळी कळवू. खासगी सर्व्हेअर बोलावून पातळी काढली. ती ‘आमच्या तलचिन्हाशी जोडलेली नाही’ असा शेरा येऊन परत आली. तलचिन्ह, ज्याला सर्व्हेअर मंडळी बी. एम. म्हणतात, म्हणजे ज्याची उंची आधीच पक्की ठरलेली आहे असा खुणेचा दगड किंवा खाच. शेरा योग्यच होता. पण ते तलचिन्ह कोठे आहे, असे विचारल्यावर ते माहीत असलेले अभियंता बदलून गेल्याचे कळले. त्यांच्या जागी आलेल्यांकडे अतिरिक्त कार्यभार होता, म्हणजे ते आठवड्यातून कधीतरीच भेटत. तेवढ्यात जून लागला आणि सगळे कर्मचारी पूर नियंत्रणाच्या कामाला गेले. पुरासंबंधीची फाइल पुरामुळे थांबली. कोयनेतून विसर्ग सुटलेला असताना अभियंत्याने नदीवरच असले पाहिजे, माझ्या कागदावर नव्हे, हे मला कळते; त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. दिवाळी उलटून गेल्यावरही फाइलवर जूनमधलाच शेरा होता, ही माझी तक्रार आहे. मध्यंतरी एका गृहस्थांनी फाइल ‘पुढे सरकवून देतो’ म्हणून निरोप पाठवला होता. त्यांना मी विचारले की पातळी किती लिहून आणाल, तेव्हा ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तेवढी. असला आकडा विकत घेऊन घर बांधण्यापेक्षा भाड्याच्या घरात राहिलेले बरे.

शेवटी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि एक पान, एवढाच खर्च. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो: अर्जात ‘माझ्या घराची पूरपातळी द्यावी’ असे लिहू नये. ती अभिलेखात तयार नसते आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर येते. मी तीन गोष्टी मागितल्या. आमच्या जागेच्या वरच्या आणि खालच्या अंगाला नदीचे जे सर्वांत जवळचे आडवे छेद (म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पात्राची केलेली मोजणी) घेतले आहेत, त्या दोन छेदांवरील निळ्या व लाल रेषेची पातळी. त्या दोन छेदांमधील अंतर. आणि सर्वेक्षणासाठी वापरलेल्या तलचिन्हाचे ठिकाण व त्याची उंची, नोंदवहीच्या पानाच्या प्रतीसह. या तिन्ही गोष्टी कार्यालयात असल्याच पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय पूररेषा आखताच येत नाही. कायद्याप्रमाणे उत्तराला तीस दिवस असतात. त्या मुदतीत उत्तर आले, आणि जे महिनोन्‌महिने मिळत नव्हते ते दोन झेरॉक्स पानांवर होते.

तलचिन्ह एका जुन्या मोरीच्या दगडी कठड्यावर निघाले. सर्व्हेअर आणि मी सकाळी तेथे गेलो, तर कठड्यावर चुन्याचे थरावर थर आणि त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फलक. मी खिशातल्या नाण्याने चुना खरवडू लागलो. बोटभर जागा मोकळी झाली तेव्हा आधी एक आडवी खाच दिसली, मग तिच्याकडे टोक केलेला बाण. सर्व्हेअरने त्या खाचेवर पट्टी उभी केली, लेव्हल मशीन लावले आणि गल्लीगल्लीतून टप्पे घेत आमच्या अंगणापर्यंत पातळी आणली. मग तशीच मोजत पुन्हा त्या खाचेपर्यंत परत नेली आणि येता-जाता पडलेला फरक तपासला. ही परतीची मोजणी सर्व्हेअरकडून अवश्य करून घ्यावी. कंटाळा करणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मागच्या गल्लीतील एकांनी नुसत्या जीपीएस यंत्राने उंची काढून आणली होती. उपग्रहाकडून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, तिच्यात दुरुस्ती करावी लागते, आणि ती न केल्याने त्यांचे अंगण कृष्णेच्या तळापेक्षाही खाली निघाले होते.

पुढचा हिशेब कोणालाही करता येतो. समजा, वरच्या छेदावर लाल रेषा ५४६.२० मीटर आणि खालच्या छेदावर ५४५.९० मीटर आहे आणि आपली जागा वरच्या छेदापासून एक तृतीयांश अंतरावर आहे. तर आपल्यापाशी पातळी ५४६.१० येते. त्यात ०.४५ मिळवले की जोते ५४६.५५. अंगण ५४४.८० वर असेल तर जोते जमिनीपासून पावणेदोन मीटर उंच करावे लागेल. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) हा हिशेब आर्किटेक्टच्या सहीने, दोन्ही झेरॉक्स पाने आणि मोजणीचा तक्ता जोडून दिला, तेव्हा त्याच कार्यालयाने पातळी नमूद केलेले सुधारित पत्र मला आठवड्याच्या आत दिले. साहेबांनी तो तक्ता नीट वाचला आणि एक बेरीज स्वतः करून पाहिली, हे मला मनापासून आवडले. त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेतले, हेही लिहून ठेवतो.

एवढे उंच जोते करायचे कसे, हा प्रश्न उरतो. बहुतेकांचा सल्ला एकच होता: मुरूम टाका आणि सगळा प्लॉट उचलून घ्या. मी नकार दिला. प्लॉट उचलला की आपले पाणी शेजारच्या बोळात जाते, मग शेजारी उचलतो आणि सर्वांत शेवटी ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या दारात ते साठते. शहराच्या सखल भागांत गेल्या काही दशकांत हेच झाले आहे. ओढ्यांच्या पात्रांत राडारोडा पडला, नाल्यांवर भिंती आल्या, आणि नदी चढू लागली की पाणी काठावरून येण्याच्या कितीतरी आधी याच नाल्यांतून उलटे घुसते. धरणांच्या विसर्गावर आपण तावातावाने बोलतो, पण आपल्याच ट्रॉलीने टाकलेल्या मुरुमाचा हिशेब कोणी मांडत नाही. आम्ही खालचा भाग खांबांवर मोकळा ठेवला. तेथे गाडी उभी राहते आणि पुराच्या वेळी पाणी आले तसे जाऊ शकते. पायऱ्या वाढल्या, आईला त्रास होतो, म्हणून मधे एक विसाव्याची पायरी रुंद केली.

एक सूचना आधीच द्यायची राहिली. दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. माझ्या फाइलमधला मूळ मोजणी तक्ता एकदा गहाळ झाला, तेव्हा त्या शिक्क्यामुळेच तो पुन्हा शोधणे त्यांना भाग पडले. तसेच मोजणी पावसाळ्याच्या आधी, शक्यतो हिवाळ्यात करून घ्यावी. सर्व्हेअरकडून आपल्या जागेतच, बांधकामाने हलणार नाही अशा दगडावर, एक पक्की खूण करून तिची पातळी तक्त्यात लिहून घ्यावी. जोते पूर्ण झाल्यावर तपासणीला माणूस येतो तेव्हा मोरीपासून पुन्हा मोजत येण्याची गरज पडत नाही. आमच्याकडे त्या खुणेवर पट्टी ठेवून जोते तपासले गेले आणि तपासणीचा दाखला त्याच आठवड्यात मिळाला.