‘कसबा पाथ’ आली कुठून?

सदाशिव पेठेतल्या आमच्या लहानशा कार्यालयात जुन्या संगणकांवरचे इंग्रजी मजकूर छपाईसाठी नव्या प्रणालीत आणून देण्याचे काम चालते. गेल्या पावसाळ्यात एका दिवंगत प्राध्यापकांच्या कन्या साडेतीन इंची फ्लॉपींचा डबा घेऊन आल्या. पेशवेकालीन पुण्याच्या वस्तीवरचा वडिलांचा अप्रकाशित इंग्रजी ग्रंथ त्यात होता. त्याची छापील प्रत वाचून एका संपादकांनी ती परत केली होती, कारण कसबा पेठेचे नाव कित्येक पानांवर ‘कसबा पाथ’ असे झाले होते. “बाबा प्रत्येक प्रकरण स्पेलचेकमधून काढल्याशिवाय पुढे सरकत नसत हो,” असे त्या जराशा दुखावल्या स्वरात म्हणाल्या. मला त्यांचे म्हणणे पटले, आणि दोषाचे मूळ नेमके तिथेच असावे असा संशयही आला.

फाइलींच्या नावांवरून काही कळण्याजोगे नव्हते, कारण डॉस या विंडोजपूर्व संगणक-प्रणालीच्या काळात नावापुढची तीन अक्षरे ज्याने त्याने आपल्या मर्जीने लावलेली असत. फाइलीतले कच्चे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली, तेव्हा आरंभीच्या एफएफ या बाइटमागे डब्ल्यू, पी, सी ही अक्षरे दिसली आणि मजकूर वर्डपरफेक्ट या लेखन-कार्यक्रमाचा असल्याची खात्री पटली. (वर्डस्टार हा दुसरा जुना लेखन-कार्यक्रम असता, तर शब्दांची शेवटची अक्षरे चमत्कारिक चिन्हांत दिसली असती, कारण तो दस्तऐवजात त्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवीत असे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत स्पेलस्टार हा शब्दतपासनीसही निराळा कार्यक्रम होता.) फ्लॉपीच्या चिठ्ठीवर प्राध्यापकांच्या हस्ताक्षरात ‘५.१’ लिहिले होते, म्हणजे १९८९ सालची डॉस-आवृत्ती.

या आवृत्तीत कंट्रोल आणि एफ२ दाबले की तपासणी सुरू होते. मुख्य शब्दकोश एलईएक्स या अक्षरांनी संपणाऱ्या फाइलीत असतो, तर वापरणाऱ्याने स्वतः भर घातलेले शब्द एसयूपी फाइलीत साठतात. ती पुरवणी म्हणजे वर्डपरफेक्टचाच साधा दस्तऐवज असल्यामुळे सरळ उघडून वाचता येते. सुदैवाने ती याच डब्यात निघाली. ओळीला एक शब्द अशा त्या यादीत वाडा, देशमुख, फडणवीस आणि पेठ हे सगळे होते. शिवाय ‘रिसीव्ह’ या क्रियापदाचे ई आणि आय यांची उलटापालट झालेले रूपही होते. गडबडीत ‘जोडा’ हा पर्याय एकदा दाबला गेला असावा, आणि त्यानंतर ती चूक सर्व प्रकरणांतून निर्वेध पार झाली होती.

मग आजच्या संगणकावर डॉसचे कार्यक्रम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये रिकाम्या पुरवणीनिशी पहिले प्रकरण तपासायला घेतले. ‘पेठ’पाशी पडदा थांबला आणि खाली पर्याय उमटले, प्रत्येकाच्या डाव्या हाताला एकेक अक्षर. ते अक्षर दाबले की शब्द बदलतो. त्या पर्यायांत ‘पाथ’, म्हणजे वाट या अर्थाचा इंग्रजी शब्द, होताच. फाइलींच्या तारखा लावून पाहिल्या, तेव्हा ‘पाथ’ असलेली सारी प्रकरणे जुनी निघाली. पुढच्या प्रकरणांत पेठ अबाधित होती, म्हणजे मधल्या काळात केव्हातरी तो शब्द पुरवणीत गेला. दमलेल्या माणसाचे बोट चुकीच्या अक्षरावर पडणे त्या रचनेत फार सोपे होते. ‘पाथ’ हा कोशातला शुद्ध शब्द असल्याने पुढची कोणतीही तपासणी त्याला हरकत घेणार नव्हती, आजच्या वर्डची तांबडी नागमोडी रेघसुद्धा नाही.

एकगठ्ठा बदल करणे मात्र शक्य नव्हते, कारण पर्वतीच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या वर्णनात तोच शब्द यथायोग्य आला होता. म्हणून आम्ही जुन्या प्रकरणांतला प्रत्येक ‘पाथ’ वाक्यासकट छापून घेतला आणि बाईंनी लाल पेन्सिलीने त्यांतल्या पेठा वेगळ्या केल्या. पुरवणीतून बिघडलेली रूपे काढून उरलेली नावे वर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात भरली. तीही ओळीला एक शब्द अशी साधी मजकूर-फाइलच असल्याने ते काम दुपारच्या चहाआधी आटोपले, आणि संध्याकाळी प्रकाशकासाठी नवी प्रत छपाईला लागली.