बार दाबला की गिटार बेसूर? ट्यूनर बदलायच्या आधी नट बघा (माझा अनुभव)

इलेक्ट्रिक गिटार, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर) टाइपची, सहा स्क्रूवाला ट्रेमोलो (म्हणजे तारा जिथे बसतात तो ब्रिजच बारने हलतो), मागे तीन स्प्रिंग. बारला हात न लावता तासभर वाजवा, सूर जागचा हलत नाही. पण बार एकदा खाली दाबून सोडला की जी (G) तार चढलेली, डी (D) पण थोडी चढलेली, बाकीच्या जवळपास ठीक. दरवेळी हेच. दुकानात नेली तर काउंटरवरच्या माणसाने गिटार हातातसुद्धा न घेता सांगितलं, ट्यूनर (तारा पिळायचे पेग) बदला, लॉकिंग (तार पकडून ठेवणारे) टाका. टाकले, पैसे चांगलेच गेले आणि जी तार होती तशीच चढते. परत नेली तर म्हणे "दादा, स्ट्रॅटचं असंच असतं, बार वापरूच नका, स्प्रिंग आवळून ब्रिज बसवून टाकतो." या वाक्याचा मला अजून राग आहे. 1954 पासून ही गिटार या ट्रेमोलोसकट विकली जातेय, हेंड्रिक्स आणि जेफ बेक या गिटारवादकांनी बारवर जे काही करून ठेवलंय ते काय बार न वापरता? ज्याला दुरुस्त करता येत नाही त्याने तसं सांगावं, गिटारला नावं ठेवू नयेत.

तर सगळ्यात महत्त्वाचं: तार चढते की उतरते ते आधी बघा. हे मला कुणीही विचारलं नाही आणि सगळं निदान यातच आहे. बार दाबला की तार सैल पडते आणि नटच्या (मानेच्या टोकाची पट्टी, जिच्यावरून तारा पेगकडे जातात) खाचेतून थोडी पेगच्या बाजूला सरकते. सोडल्यावर तेवढीच परत यायला हवी, पण खाच घट्ट असेल तर ती तिथेच अडकते आणि वाजणारा भाग जास्त ताणला जातो, म्हणून सूर चढतो. बेंड केल्यावर (बोटाने तार बाजूला ढकलून सूर चढवल्यावर) याच्या उलट, तार नटमधून अलीकडे ओढली जाते आणि परत जात नाही, म्हणून उतरते. म्हणजे बारने चढतेय आणि बेंडने उतरतेय अशी एकच तार असेल तर ती नटमध्येच अडकतेय. पक्की खात्री करायची असेल तर तार चढलेली असताना तिला एक मोठा बेंड द्या किंवा मधोमध धरून हलकेच वर ओढा आणि सोडा. सूर जागेवर आला की समजा सापडलं. माझ्या जी तारेचा तर पेग फिरवताना टिंग असा बारीक आवाज यायचा, म्हणजे पेग फिरतोय, सूर हलत नाही, आणि मग टिंग होऊन एकदम पुढे उडी. हा आवाज येत असेल तर बाकी काही तपासायच्या आधी नटच बघा.

आणि लॉकिंग ट्यूनर वाईट नाहीत, पेगवरच्या वेढ्यांचा ढिलेपणा त्याने जातो, पण साध्या पेगवरही दोन-तीन नीट वेढे असले आणि नवीन तारा हाताने ओढून ओढून ताणून घेतल्या की तो प्रश्न फारसा उरत नाही. तार अडते नटमध्ये आणि आपण बदलतो पेग, याला काय अर्थ आहे? जेफ बेकच्या सिग्नेचर स्ट्रॅटवर रोलर नट असतो, फ्लॉइड रोज नावाच्या ट्रेमोलोमध्ये तर नटवरच तार लॉक करून टाकतात. म्हणजे अडचण कुठे असते हे गिटार बनवणाऱ्यांना चांगलंच ठाऊक आहे.

माझ्या बाबतीत कारण साधं होतं. गिटार 9-42 च्या तारांवर आलेली (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात), मी 10-46 टाकल्या. जी तार 16 ची 17 झाली, डी 24 ची 26. खाच तीच, तार जाड. बाकी तारा निभावल्या, या दोन रुतल्या. दुकानदाराला हे सांगितलं, नटच्या खाचा रुंद करून द्या म्हटलं, तर "ठेवून जा". ठेवली. फोन केला की कारागीर गावाला गेलाय, फोन केला की फाइल्स मागवल्यात, फोन केला की उद्या नक्की. शेवटी जाऊन घेऊन आलो तर नटला हातही लावलेला नव्हता, फक्त तारांना तेल चोपडलेलं, फिंगरबोर्डसकट!

मग घरीच केलं. नट फाइलचा सेट महाग असतो, दोन खाचांसाठी घ्यायची गरज नाही. डी साठी जुनी 26 ची तार घेतली, तिचा गुंडाळलेला खडबडीतपणा हीच कानस, खाचेत पुढेमागे करवतीसारखी ओढायची. जी साठी 1000 नंबरचा पॉलिश पेपर दुहेरी घडी घालून तिची कड. दाब खाली नाही, बाजूच्या भिंतींवर द्यायचा. खाच रुंद करायचीय, खोल नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खरखरते आणि मग सुपरग्लू नि हाडाची पूड भरून परत खाच कापत बसा. खाचेचा तळ पेगच्या बाजूला किंचित उतरता हवा. चार-पाच वेळा ओढलं की तार बसवून बघा. पांढरी भुकटी ब्रशने झटकून टाका, ती राहिली तर परत अडते. शेवटी अप्सराची डार्क पेन्सिल टोकदार करून खाच आतून काळी केली, ग्रॅफाइटने तार सरकते. बार पार खाली, तारा लोंबेपर्यंत दाबला, सोडला, सूर दाखवणाऱ्या ट्यूनरवर जी तारेचा काटा बरोब्बर मध्ये. परत दाबला, परत मध्ये. दुकानदाराला व्हिडिओ पाठवायची फार इच्छा झाली होती.

फक्त पेन्सिलनेही कधीकधी काम होतं, आधी तेच करून बघा, फुकट आहे. तारा बदलताना दरवेळी पेन्सिल फिरवायचीच.

बी आणि बारीक ई च्या तारा अडत असतील तर हेडवरची पत्र्याची स्ट्रिंग ट्री (तारा खाली दाबून धरणारा तुकडा) पण बघा, तिच्या खालीही ग्रॅफाइट लावा.

ब्रिजचं माझं ठीक होतं. तरी बघायचं असेल तर सहा स्क्रू आवळून बसवलेले नसावेत, प्लेटला डुलायला जागा हवी. तारा जाड केल्या की ब्रिज पुढे झुकतो, मग मागच्या क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेला पत्रा) दोन स्क्रू थोडे थोडे आवळायचे, परत सगळ्या तारा सुरात लावायच्या, परत आवळायचे. ब्रिजची मागची कड बॉडीपासून साधारण 3 मिमी वर राहिली की झालं. स्क्रू ड्रायव्हर लावताना क्लॉला सोल्डर केलेली वायर तुटणार नाही एवढं बघा. आणि तरंगत्या ब्रिजवर एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्यामुळे पहिल्या फेरीत लागली नाही म्हणून वैतागू नका. सूर नेहमी खालून वर आणा, पुढे गेला तर पार खाली उतरवून परत चढवा.

पावसाळ्यात तारा गंजतात, गंजलेली तार पेन्सिल लावूनही खरवडत सरकते. जून ते सप्टेंबर वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा.