कांद्याच्या साली आणि पानाचा चुना

शनिवार, १९ एप्रिल २०२५. नौपाडा, ठाणे

शनिवारी आमच्याकडे अंडं शिजत नाही. पण उद्या ईस्टर, म्हणजे अंडी रंगवायची तर आजच. शेवटी सासूबाईंशी तह झाला: इंडक्शन बाल्कनीत न्यायचं, पातेलं अंड्याचं वेगळं आहे तेच घ्यायचं आणि खायचं ते उद्याच.

खूळ लेकीचं. शेजारच्या आंटी मूळच्या वसईच्या, त्यांना सांगितलं तर हसायलाच लागल्या. "आमच्यात कुठे गं अंडी रंगवतात? आम्ही मार्झिपानची करतो." खरंच आहे. इकडे ईस्टरचं अंडं म्हणजे काजूची पूड, साखर आणि गुलाबपाणी घालून साच्यातून काढलेलं, गुलाबी नाहीतर पिवळं. बशीभर दिलीच त्यांनी. खऱ्या अंड्याची गोष्ट युरोपातली. तिथे पूर्वी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असायची. कोंबड्या काही उपास धरत नाहीत, त्यामुळे घरोघरी अंडी साठायची आणि ईस्टरला त्यांवर ताव मारला जायचा. आपल्याकडे श्रावण संपल्यावर मटणाच्या दुकानापुढे रांग लागते, तसलाच प्रकार. ग्रीक लोक तर परंपरेनं अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. एरवी त्यांचा ईस्टर बहुतेकदा वेगळ्या तारखेला येतो, यंदा दोन्ही एकाच दिवशी आहेत.

लाल रंग आणायचा कुठून, तर कांद्याच्या सालींतून. काल जांभळी नाक्यावर कांदेवाल्याकडे गोणीच्या तळाची सालपटं मागितली, तर त्यानं पिशवी भरून दिली, वर "खत करताय का?" म्हणून विचारलं. साली अर्धा तास उकळल्या की पाणी गडद तांबूस होतं. ते गाळायचं, गार करायचं, चमचाभर व्हिनेगर घालायचं आणि त्यात कच्ची अंडी सोडून दहा-बारा मिनिटं उकळायची. अंड्याचं कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगर लागलं की ते जरासं विरघळतं, बारीक बुडबुडे येतात, आणि खडबडीत झालेल्या कवचाला रंग धरतो. अंडी मात्र पांढरीच हवीत. गावठीवर कांद्याचा रंग कळतच नाही.

नक्षीसाठी कोथिंबिरीचं पान ओलं करून अंड्यावर चिकटवलं आणि लेकीच्या गॅदरिंगच्या जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा त्यावर घट्ट ताणून मागे गाठ मारली. कढीपत्ता ताठ, तो गोलाईवर बसेना. मेथीचं पान छान बसलं. उकळून गार झाल्यावर मोजा कापला, पान सोललं, तर विटकरी अंड्यावर पांढरट कोथिंबीर, तिच्या कातरलेल्या कडांसकट. देठ जरा सुटला होता तिथे रंग आत झिरपून कड धूसर झाली होती, आणि मला तेच जास्त आवडलं. वरून तेलाचं बोट फिरवलं की चकाकी येते. बाजारच्या खाण्याच्या रंगातलीही थोडी केली. ती भडक निघाली, वाढदिवसाच्या फुग्यांसारखी वाटली म्हणून लेकीला देऊन टाकली. तिला तीच आवडली.

जांभळ्या कोबीचं पाणी जांभळं, पण पांढरं अंडं रात्रभर त्यात फ्रीजमध्ये ठेवलं की निळं निघतं. कोबीचा रंग आम्ल-अल्कप्रमाणे बदलतो, आणि कवच अल्काच्या बाजूचं. आमचं अजून भिजतंय, सकाळी कळेल.

दिवसाची खरी गंमत हळदीची. हळदीत उकळलेली अंडी झेंडूसारखी पिवळी झाली होती. सासूबाई लांब सोफ्यावरून सगळं बघत होत्या. अंड्याला हात लावणार नव्हत्या, पण गप्पही बसवेना. म्हणाल्या, "त्यावर चुना लाव की. कुंकू कशाचं करायचे पूर्वी?" हळद आणि चुना! कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो हे रोज बघते, पण ते इथे सुचलं नव्हतं. त्यांच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवला, टूथपिकनं हळदीच्या अंड्यावर रेघ ओढली, आणि ती डोळ्यांदेखत लाल झाली. मग स्वस्तिक, ठिपके, एक वेडीवाकडी कोयरी. "रेघा बारीक ओढ, चुना फार घेतेस," अशा सूचना सोफ्यावरून चालूच. वाळल्यावर लाल जरा तपकिरीकडे झुकलं, तरी छानच दिसतंय. हे अंडं खायचं नाही, फक्त ठेवायचं. चुना तोंडात जायला नको, आणि लेकीला तो बोटानंही घेऊ दिला नाही.

युक्रेनमध्ये मेणानं रेघा आखून, एकेका रंगात बुडवत अंडी सजवतात. त्या 'पिसांका' कलेला गेल्या डिसेंबरात युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. मेणबत्तीच्या तुकड्यानं लेकीनं स्वतःचं नाव लिहून बघितलं. मेणाखालचा भाग पांढरा राहिला, नाव मात्र तिलाच वाचता येतंय. पुढच्या वेळी टाचणीच्या डोक्यानं वितळलेलं मेण लावून बघायचं.

या उकाड्यात उकडलेली अंडी दोन तासांवर बाहेर ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून रंग वाळल्याबरोबर फ्रीजमध्ये टाकली. कवचासकट आठवडाभर टिकतात. जागेवरून मात्र पुन्हा वाटाघाटी झाल्या. दही-दुधाचा कप्पा सासूबाईंचा, अंडी खाली, झाकणाच्या डब्यात. मेथीच्या पानाचं एक आंटींसाठी बाजूला काढलंय. त्या आत्ता तलावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चमध्ये रात्रीच्या प्रार्थनेला गेल्यात, सकाळी देईन. बाकीची उद्या रात्री अंडाकरीत. सोलताना पांढऱ्यावर कुठे कुठे कांद्याचा तांबूस डाग दिसेल, तडा गेला होता तिथे. चवीला काही फरक पडत नाही.