आधी सेल, मग बोनस

पितृपक्ष संपला, की फोन जो टिणटिणायला लागतो तो थेट भाऊबीजेपर्यंत. पंधरवडाभर 'आता नवं काही घ्यायचं नाही' म्हणून दबून बसलेला बाजार घटस्थापनेला उसळतो. २०२५ साली तर सरकारनेही हाच मुहूर्त धरला. २२ सप्टेंबरला, इकडे घट बसले आणि तिकडे जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या टीव्हीवरचा आणि एसीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. 'थांबू जरा, दर उतरणारेत' म्हणत टीव्हीचं लांबणीवर टाकलेली मंडळी मग दुकानांत अशी घुसली, की जणू कर दसऱ्याला परत चढणार होता!

आमच्या लहानपणी या खरेदीला एक क्रम होता. आधी बोनस, मग यादी, मग लक्ष्मी रोड. १९६५च्या बोनस कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के ठरवलेला होता, म्हणजे ढोबळमानाने वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा. मार्चअखेर धरली तर मुदत ३० नोव्हेंबरची. मालक मुदतीची वाट बघत बसले असते तर आमचे फटाके देवदिवाळीला उडाले असते. पण बोनस दिवाळीआधीच व्हायचा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत आकडा जाहीर झाला, की तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसे. आणि आकडा कळेपर्यंत यादीवर रोज रात्री काटछाट.

आता सेल आधी, बोनस नंतर आणि हप्ते होळीपर्यंत. २०१४च्या ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टने पहिला 'बिग बिलियन डे' भरवला, तेव्हा झुंबडीने त्यांची साइट कोलमडली आणि कंपनीने ग्राहकांची माफी मागितली. तुळशीबागेत गर्दीबद्दल कुणी माफी मागितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

खरी करामत हप्त्यांची. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं. मग 'नो कॉस्ट ईएमआय' आला. म्हणजे व्याजाएवढी सूट आधी द्यायची आणि तेवढंच व्याज हप्त्यांतून वसूल करायचं. क्रेडिट कार्डावर घेतलं तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फी. रक्कम किरकोळ असते, म्हणून कुणी बघत नाही. मीही बघत नाही. सेल संपायला दोन तास उरलेत हे लाल आकड्यांत दिसत असताना कोण बघणार?

हे सगळं अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे उधारीच की रे. आपला वाणीही द्यायचा."

"हो, पण अण्णा, हे कंपनीवाले स्वतःहून देतात."

"तोही द्यायचा. फक्त दिवाळी आली, की वही काखेत मारून दारात उभा राहायचा. मागची बाकी चुकती करा, मग नवं सामान न्या म्हणायचा. तुमचे हे लोक कधी येतात?"

"दर महिन्याच्या पाच तारखेला," मी म्हटलं.

"आणि चहा?"