कापसाच्या शेतातला डायनासोर

आज वरोऱ्याजवळच्या पिजदुऱ्याला जाऊन आले. कापसाच्या दोन ओळींमध्ये बोटाएवढा गोलसर दगड दिसला, अंगावर वळ्या असलेला. डायनासोरच्या काळातली विष्ठा, पार दगड झालेली! कितीतरी वेळ हातात धरून उभी होते. मग जिथल्या तिथे ठेवला. घरी नेला असता तर कुठल्या थरातला, हे कोण सांगणार?

इथला लॅमेटा नावाचा खडकाचा थर दख्खनच्या काळ्या लाव्ह्याच्या खालचा, म्हणून त्याच्याहून जुना. लाव्ह्याचं वय किरणोत्सारी मोजमापावरून साधारण ६.६ कोटी वर्षं निघतं. आणि लॅमेट्यात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अवाढव्य डायनासोरची हाडं मिळतात, म्हणजे तो क्रिटेशियसमधला, डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातला; तो कालखंडही साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच संपला. दगड आणि हाडं एकच साक्ष देतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. लेक विचारत होती, "आई, त्याने काय खाल्लं असेल गं?" परतीच्या वाटेवर तेवढाच विषय.